मागच्या फळीतून दिसणारे मैदान

फुटबॉलमध्ये गोल करणाऱ्याची नोंद राहते. किती सामने, किती गोल, कोणाविरुद्ध, कितव्या मिनिटाला, सगळे लिहून ठेवलेले सापडते. बचावपटूचे काम घडू न दिलेल्या गोष्टींचे असते, आणि न झालेला गोल कुठल्याही तक्त्यात येत नाही. हाच बचावपटू पुढे प्रशिक्षक झाला की त्याच्याबद्दल लिहिणे आणखी अवघड होते, कारण आता मैदानावरचा एक पाससुद्धा त्याच्या नावावर नसतो. संघ जिंकला तर खेळाडू जिंकले, हरला तर प्रशिक्षक बदला, एवढाच हिशेब. या पुस्तकातली माणसे अशी दोनदा नजरेआड झालेली आहेत. आधी ती बचावफळीत खेळली आणि नंतर त्यांनी बाकावर बसून संघ घडवले. त्यांतली काही इटलीची आहेत, कारण बचावाचा विचार तिथे जितका खोलवर झाला तितका क्वचितच दुसरीकडे झाला. पण पुस्तकाचा मुक्काम आपल्याकडे आहे: गोवा, मुंबई, पुणे, आणि एके काळी आमचा बीदर जिल्हा ज्या संस्थानात होता ते हैदराबाद.

मी हे मेहकरहून लिहितो आहे. भालकी तालुक्यातले हे गाव. इकडच्या मराठी घरांत खेळ म्हटला की क्रिकेट, कबड्डी आणि जत्रेतल्या कुस्त्या. फुटबॉल इथे आला तो बहुतांशी टीव्हीवरून, विश्वचषकाच्या जागरणांतून आणि २०१४ नंतर इंडियन सुपर लीगमधून. म्हणून मी असा वाचक डोळ्यांसमोर धरला आहे, की ज्याला मेस्सी आणि रोनाल्डो ठाऊक आहेत, पण स्टॉपर कोण आणि स्वीपर कोण हे कोणी समजावून दिलेले नाही. त्याला कबड्डीची आठवण करून देतो. चढाईपटूचे नाव गावभर होते. पण साखळी कधी धरायची, कोणी पाय घालायचा, कोणी मागे थांबायचे हे ओरडून सांगणारा कोपरारक्षक असतो, आणि पुढे गावातली पोरे शिकायला त्याच्याकडेच जातात.

फुटबॉलचे मैदान मोठे, माणसे जास्त, पण गोष्ट तीच. आज बहुतेक संघ चार बचावपटू खेळवतात. दोघे कडेला, त्यांना बॅक म्हणतात. दोघे मध्ये, ते स्टॉपर. आघाडीपटूची पाठ बऱ्याचदा प्रतिस्पर्ध्याच्या गोलकडे असते. मधल्या फळीतला खेळाडू चारी बाजूंनी वेढलेला असतो. स्टॉपरच्या डोळ्यांसमोर मात्र जवळजवळ सगळा सामना उलगडत असतो. त्यामुळे त्याला सतत बोलावे लागते: माणूस सोडू नको, लाइन वर घे, डावीकडे जागा रिकामी आहे, टॅकल करू नको, नुसता अडवून धर. त्याच्याकडून चूक झाली तर सावरायला मागे एकटा गोलरक्षक उरतो, म्हणून पाय टाकण्याआधी विचार करायची सवय त्याला लागतेच. बचावपटू चांगला प्रशिक्षक होतोच असा माझा दावा नाही. उलट दाखले पुढे देतोच आहे. मला एवढेच म्हणायचे आहे, की त्याच्या खेळण्यातच शिकवण्याचा मोठा भाग होऊन गेलेला असतो. बाकावर बसल्यावर त्याच्यापुढे वेगळेच प्रश्न येतात. गोल कसे करायचे, मालकांशी कसे बोलायचे, आणि आपल्या देशात तर पुढच्या वर्षी क्लब शिल्लक असेल का, ही चिंता पोटात ठेवून सराव कसा घ्यायचा. हा शेवटचा प्रश्न या पुस्तकाच्या केंद्रस्थानी आहे.

आधी इटली. बचावाची जी पद्धत इटलीच्या नावावर जमा आहे, तिची सुरुवात खरे तर स्वित्झर्लंडमध्ये झाली. कार्ल रापान या प्रशिक्षकाने १९३० च्या दशकात बचावफळीच्या मागे एक मोकळा खेळाडू ठेवायला सुरुवात केली. इटलीत नेरेओ रोक्को यांनी ती कल्पना लहान संघांना मोठ्या संघांपुढे टिकता यावे म्हणून वापरली, आणि १९६० नंतर एलेनिओ एरेरा यांनी इंटर मिलानला तिच्या जोरावर युरोपचे विजेते केले. यालाच कातेनाच्यो म्हणतात. प्रत्येक बचावपटूने आपला एक प्रतिस्पर्धी धरायचा आणि त्याची सावली व्हायचे. सर्वांच्या मागे एक जण कोणालाच न धरता थांबायचा. हा मागचा खेळाडू म्हणजे स्वीपर. इटालियन लोक त्याला लिबेरो म्हणतात. कोणाची पकड सुटली की तो तिथे पोहोचलेला असायचा.

इंटरच्या त्या संघाचा लिबेरो आणि कर्णधार होता अर्मांदो पिक्की. १९६४ आणि १९६५ असे सलग दोन वेळा त्याच्या संघाने युरोपियन कप जिंकला. खेळणे थांबवल्यावर पिक्की लगेच प्रशिक्षक झाला आणि १९७० मध्ये युव्हेंटससारख्या क्लबने त्याच्या हाती संघ दिला. तो हंगाम संपायच्या आत तो आजारी पडला आणि मे १९७१ मध्ये, वयाच्या ३५ व्या वर्षी, वारला. त्याच्या लिव्होर्नो गावातल्या स्टेडियमला आज त्याचे नाव आहे. इटालियन बचावपटू-प्रशिक्षकांच्या परंपरेतला हा सर्वांत हुशार माणूस होता असे मला वाटते. मैदानावर तो जे करत होता तेच बाकावरून करणार होता, आणि त्याला पुरता एक हंगामही मिळाला नाही.

चेझारे माल्दिनी यांना मात्र भरपूर वेळ मिळाला. रोक्को यांच्या हाताखाली घडलेला हा बचावपटू १९६३ मध्ये वेम्बलीवर युरोपियन कप उचलणाऱ्या मिलानचा कर्णधार होता. १९८२ चा विश्वचषक इटलीने जिंकला तेव्हा ते एन्झो बेआरझोत यांचे सहायक होते. मग त्यांच्याकडे २१ वर्षांखालील संघ आला आणि १९९२, १९९४, १९९६ अशा लागोपाठ तीन युरोपीय स्पर्धा त्यांनी जिंकून दिल्या. १९९८ च्या विश्वचषकात ते इटलीचे प्रशिक्षक होते आणि त्यांचा मुलगा पाओलो, तोही बचावपटूच, संघाचा कर्णधार होता. उपान्त्यपूर्व फेरीत यजमान फ्रान्सने पेनल्टींवर त्यांना हरवले. सत्तरीत आल्यावर २००२ मध्ये हेच माल्दिनी पॅराग्वेला घेऊन विश्वचषकात उतरले. त्यांच्या संघांवर कंटाळवाणे म्हणून टीका झाली. मला त्या टीकेत फार तथ्य दिसत नाही. वयाच्या विशीतल्या मुलांकडून तीन वेळा जेतेपद काढून घेणारा माणूस फक्त दार लावून बसला असेल, हे पटत नाही.

मधल्या काळात आरिगो साक्की आले. ते कधीच व्यावसायिक खेळाडू नव्हते, पूर्वी बुटांच्या व्यवसायात होते. त्यांनी मिलानची माणसामागे माणूस लावायची पद्धत मोडली, जागा वाटून घ्यायला लावल्या, बचावफळी पार मधल्या रेषेजवळ नेली आणि १९८९ व १९९० मध्ये युरोपियन कप जिंकला. बचावपटूंच्या शाळेला सर्वांत मोठा धक्का बाहेरच्या माणसाने दिला, हे मान्य करूनच पुढे जावे लागते. पण त्या धक्क्यानंतर इटालियन बचावपटू जास्त बोलका झाला. पूर्वी त्याला एक माणूस सांभाळायचा होता, आता चौघांनी मिळून एक रेषा सांभाळायची होती. त्याचा परिणाम पुढच्या पिढीत दिसला. ९ जुलै २००६ ला बर्लिनमध्ये विश्वचषकाचा अंतिम सामना सुरू झाला तेव्हा इटलीची बचावफळी होती झांब्रोत्ता, कान्नावारो, मातेराझी आणि ग्रोस्सो. हे चौघेही पुढे प्रशिक्षक झाले. कान्नावारोंनी २०१९ मध्ये ग्वांगझूला चीनची लीग जिंकून दिली आणि २०२५ मध्ये उझबेकिस्तानची सूत्रे घेतली. ग्रोस्सोंनी फ्रोसिनोने आणि सास्सुओलो या दोन संघांना दुसऱ्या श्रेणीतून वर आणले. उरलेले दोघे प्रशिक्षक म्हणून भारतात आले: झांब्रोत्ता २०१६ मध्ये सुपर लीगमधल्या दिल्ली डायनामोजकडे, आणि त्याआधी मार्को मातेराझी चेन्नईयिनकडे.

मातेराझींना बहुतेक जण २००६ च्या त्या अंतिम सामन्यात फ्रान्सच्या झिदानने छातीवर डोके मारलेला माणूस म्हणून ओळखतात. त्याच सामन्यात सातव्या मिनिटाला त्यांच्या चुकीवरून फ्रान्सला पेनल्टी मिळाली, आणि १९ व्या मिनिटाला कॉर्नरवर हेडर मारून बरोबरीही त्यांनीच साधली. वडील जुझेप्पे हेही खेळाडू आणि नंतर प्रशिक्षक. म्हणजे बाक काय असतो हे घरातच पाहिलेले. २०१४ मध्ये ते चेन्नईयिनचे खेळाडू-प्रशिक्षक झाले. पहिल्या वर्षी त्यांचा संघ साखळीत अव्वल राहूनही उपान्त्य फेरीत केरळ ब्लास्टर्सकडून हरला. मोसम संपत आला असताना त्यांनी जुना जोडीदार आलेस्सांद्रो नेस्ता यालाही खेळायला बोलावून घेतले होते.

दुसरे वर्ष जास्त मोलाचे आहे, आणि त्यातला बराच भाग आपल्या मुलखात घडला. २०१५ च्या मोसमात चेन्नईयिन तळाला जाऊन पोहोचला होता. शेवटचे सामने जिंकत तो कसाबसा पहिल्या चारांत आला, आणि तेवढ्यात चेन्नईत महापूर आला. घरचे मैदान पाण्यात, शहर संकटात. उपान्त्य फेरीचा त्यांचा घरचा सामना पुण्याला, बालेवाडीत हलवण्यात आला. परक्या शहरात, आपले लोक सोबत नसताना, त्यांनी गतविजेत्या कोलकात्याला ३-० असे हरवले. परतीचा सामना हरूनही ते अंतिम फेरीत आले. २० डिसेंबरला मडगावला, फातोर्डाच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर, गोव्याच्याच संघाविरुद्ध अंतिम सामना झाला. गोव्याच्या बाकावर झिको होते. ८७ व्या मिनिटाला झोफ्रेच्या गोलने गोवा २-१ असा पुढे गेला तेव्हा स्टेडियममध्ये जल्लोष सुरूही झाला होता. मग ९० व्या मिनिटाला गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमनी यांच्याकडून चेंडू आपल्याच जाळ्यात गेला आणि भरपाईच्या वेळेत मेंदोझाने तिसरा गोल केला. चेन्नईयिन ३-२ ने विजेता. मातेराझींच्या डावपेचांबद्दल मतभेद असू शकतात. पण तळातून वर येणाऱ्या, पुराने बेघर झालेल्या आणि शेवटच्या तीन मिनिटांत मागे पडलेल्या संघाने डोके फिरू दिले नाही, याचे श्रेय बाकावरच्या माणसाला द्यावेच लागते. मोठ्या सामन्यात स्वतःच्या चुकीनंतर बारा मिनिटांत सावरलेल्या माणसाला ते शिकवता आले, यात मला आश्चर्य वाटत नाही.

आता हैदराबाद. बीदर आणि कलबुर्गीच्या वाचकाने हा भाग आपला म्हणून वाचावा, कारण १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हे जिल्हे हैदराबाद राज्यात होते. त्या राज्याच्या राजधानीतला पोलिसांचा संघ, हैदराबाद सिटी पोलिस, १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईच्या कूपरेजवर जाऊन रोव्हर्स कप जिंकत होता. त्यांचे गुरू सय्यद अब्दुल रहीम. रहीमसाहेबांच्याच हाताखाली भारताने १९५१ आणि १९६२ मध्ये आशियाई सुवर्ण मिळवले आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक. जकार्तातल्या १९६२ च्या अंतिम सामन्यात त्यांनी एक गोष्ट केली ती बचावपटूंच्या इतिहासात लिहून ठेवण्यासारखी आहे. जर्नेल सिंग हा त्यांचा पोलादी स्टॉपर डोक्याला टाके पडलेल्या अवस्थेत होता. रहीमसाहेबांनी त्याला आघाडीला खेळवले. भारताने दक्षिण कोरियाला २-१ ने हरवले. एक गोल पी. के. बॅनर्जींचा, दुसरा जर्नेल सिंगचा. पुढे जर्नेल सिंग यांनी पंजाबच्या संघाला शिकवले. बचावपटूची खेळाची समज त्याच्या जागेपुरती नसते, हे रहीमसाहेबांनी ओळखले होते.

त्याच हैदराबादचा सय्यद नईमुद्दीन हा बचावपटू १९७० च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत भारताचा कर्णधार होता. भारताने तिथे कांस्य जिंकले आणि त्याच वर्षी नईमुद्दीन यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. नंतर कोलकात्याच्या बड्या क्लबांचे आणि भारतीय संघाचे ते प्रशिक्षक झाले. १९९० मध्ये त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार देण्यात आला. फुटबॉलसाठी तो मिळालेले ते पहिले प्रशिक्षक. त्यांच्या शिस्तीचा खेळाडूंना धाक होता आणि तिच्याविषयी तक्रारीही होत्या. २००५ च्या सॅफ, म्हणजे दक्षिण आशियाई स्पर्धेत भारत त्यांच्याच मार्गदर्शनाखाली विजेता ठरला. निजामाच्या राज्यात वाढलेल्या त्या फुटबॉलचे पुढे काय झाले हा स्वतंत्र आणि दुःखाचा विषय आहे. मी तो इथे फक्त ओझरता घेतला आहे.

पुस्तकाचा मोठा भाग ज्या माणसाला दिला आहे ते डेरिक परेरा. गोव्याचे, साळगावकर क्लबचे बचावपटू, भारतासाठीही खेळलेले. गोव्यातला फुटबॉल जुना आहे. १८८३ मध्ये शिवोलीला फादर विल्यम रॉबर्ट लायन्स यांनी तो आणला असे मानतात. पण देशाच्या स्पर्धांत गोव्याचा दबदबा वाढला तो १९८० च्या दशकात. ब्रह्मानंद शंखवाळकर यांच्या कप्तानीखाली गोव्याने राज्यांच्या संघांसाठीचा १९८३-८४ चा संतोष करंडक एकही गोल न खाता जिंकला, आणि साळगावकरने १९८८ व १९८९ मध्ये फेडरेशन कप मिळवला. परेरा त्या काळातले. गोल न खाणे ही ज्या पिढीची अभिमानाची बाब होती त्या पिढीचे.

प्रशिक्षक म्हणून त्यांचे सर्वांत मोठे यश मुंबईत आहे. महिंद्र युनायटेडने त्यांच्या मार्गदर्शनाखाली २००५ मध्ये फेडरेशन कप आणि २००५-०६ मध्ये नॅशनल फुटबॉल लीग जिंकली. होझे बार्रेटोसारखा आघाडीपटू संघात होता हे खरे, पण लीग एका आघाडीपटूवर जिंकता येत नाही. मुंबईच्या एका कंपनीच्या क्लबने कोलकाता आणि गोवा यांना मागे टाकून देशाची लीग जिंकली, ही महाराष्ट्राच्या खेळाच्या इतिहासातली मोठी गोष्ट होती आणि तिची आठवण आज फार थोड्यांना आहे. २०१० मध्ये महिंद्रने संघच बंद केला. १९६२ पासूनचा क्लब, एका निर्णयासरशी संपला.

परेरा तोवर पुण्याला आले होते. पुणे एफसी २००७ मध्ये स्थापन झालेला नवा क्लब. बालेवाडी हे त्याचे मैदान. आय-लीग या देशाच्या लीगमधल्या आपल्या पहिल्याच मोसमात, २००९-१० मध्ये, तो तिसरा आला. २०१२-१३ मध्ये चर्चिल ब्रदर्सच्या मागे दुसरा. हा संघ पैशाच्या जोरावर वर आला नव्हता. गोलरक्षक सुब्रत पाल याच काळात पुण्याचे होते, २०११ च्या दोहा आशिया चषकात त्यांनी केलेले बचाव अनेकांना आठवतील. मलप्पुरमहून आलेला अनस एडाथोडिका हा स्टॉपर मुंबई एफसीतून पुण्याला आला, परेरांच्या हाताखाली दोन मोसम खेळला आणि पुढे भारतीय बचावफळीत पोहोचला. मला एडाथोडिकाची गोष्ट फार महत्त्वाची वाटते. स्टॉपरने स्टॉपर घडवला की जे हस्तांतरित होते ते कुठल्या पुस्तकात लिहिता येत नाही: आघाडीपटू कोणत्या खांद्यावरून वळणार याचा अंदाज, उडी मारायच्या आधीचे अर्धे पाऊल, ऑफसाइडची रेषा ओढताना शेजाऱ्यावर ठेवायचा भरवसा.

पुढची यादी वाचताना मन खट्टू होते. २०१३ मध्ये परेरा आपल्या साळगावकरकडे परतले. २०१६ मध्ये साळगावकर, धेंपो आणि स्पोर्टिंग या तिन्ही गोवेकर क्लबांनी देशाच्या फुटबॉलच्या नव्या आराखड्याचा निषेध करत आय-लीग सोडली. मधल्या काळात परेरा पुन्हा पुण्यात, डीएसके शिवाजियन्सकडे. तो क्लब २०१७ मध्ये बंद पडला. पुणे एफसी त्याआधीच संपला होता. सुपर लीगमधला एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये गेला आणि त्याची जागा हैदराबाद एफसीने घेतली. परेरांनी २०१७ मध्ये चर्चिलला सावरायला हात दिला, नंतर एफसी गोवाचे तांत्रिक संचालक झाले, २०१९ मध्ये भारताच्या २३ वर्षांखालील संघासोबत आशियाई पात्रता फेरीला गेले, आणि डिसेंबर २०२१ मध्ये प्रशिक्षक हुआन फेरांदो मोसम सुरू असतानाच कोलकात्याला निघून गेल्यावर एफसी गोवाच्या बाकावर बसले. तो मोसम चांगला गेला नाही.

या कारकिर्दीकडे जेतेपदांच्या यादीतून पाहिले तर ती २००६ नंतर उतरतीला लागलेली दिसेल. मला ते मोजमाप चुकीचे वाटते. पिक्कीच्या युव्हेंटसपासून ग्रोस्सोच्या सास्सुओलोपर्यंत इटालियन प्रशिक्षकाच्या पायाखाली निदान क्लब असतो. संघ दुसऱ्या श्रेणीत घसरतो, प्रशिक्षक बदलतो, पण गावाचा क्लब उद्या असणार हे धरून चालता येते. फ्लोरेन्समधल्या कोव्हेर्चियानोत प्रशिक्षकांची शाळा आहे. तिथे शिकणाऱ्याला प्रबंध लिहावा लागतो आणि तो जपून ठेवला जातो. आपल्याकडे परेरांसारख्या माणसाने उभारलेले तीन-चार संघ कागदावरही उरले नाहीत. त्यांच्या सरावाच्या वह्या, त्यांनी कोणाला का खेळवले याची कारणे, हरलेल्या सामन्यानंतर ड्रेसिंग रूममध्ये बदललेली रचना, हे सगळे क्लबबरोबर गेले. उरली ती माणसे: त्यांनी शिकवलेले खेळाडू, जे आज कुठेतरी पोरांना शिकवत आहेत.

त्या साखळीची पुढची कडी दिसते आहे, म्हणूनच हे पुस्तक आत्ता लिहावेसे वाटले. महेश गवळी हे गोव्याचे बचावपटू, २०११ च्या आशिया चषकातल्या भारतीय चमूत होते. २०२३ ची सॅफ स्पर्धा आमच्या कर्नाटकाच्या राजधानीत, बेंगळुरूच्या कंठीरवा स्टेडियमवर झाली. मुख्य प्रशिक्षक इगोर श्टिमाच, तेही क्रोएशियाचे जुने बचावपटू, यांना लाल कार्डांमुळे बाहेर बसावे लागले आणि उपान्त्य व अंतिम सामन्यात संघाची जबाबदारी सहायक गवळींवर आली. लेबनॉनविरुद्ध १२० मिनिटे गोल झाला नाही. पेनल्टींवर भारत जिंकला. कुवेतविरुद्ध १-१, पुन्हा पेनल्टी, ५-४. बचावपटूच्या हातात संघ असताना दोन दमछाक करणारे सामने आणि त्यांत भारताने खाल्लेला फक्त एक गोल. धेंपोचा आणि भारताचा माजी स्टॉपर समीर नाईक आता धेंपोला शिकवतो. २०२४ मध्ये त्याच्या संघाने आय-लीगमध्ये पुन्हा जागा मिळवली.

उलट दाखले द्यायचे म्हटले होते. आर्मांदो कुलासो यांचे नाव बचावपटू म्हणून कोणी घेत नाही, तरी धेंपोला त्यांनी पाच वेळा देशाचे विजेते केले; आपल्या देशातल्या क्लब प्रशिक्षकांत ही कामगिरी बहुधा सर्वांत मोठी आहे. साव्हियो मदेरा मधल्या फळीतले, त्यांच्या मार्गदर्शनाखाली भारताने २०११ ची सॅफ स्पर्धा जिंकली. खालिद जमील हेही मधल्या फळीतले. महिंद्रकडून खेळलेले आणि नंतर मुंबई एफसीचे दीर्घकाळ प्रशिक्षक. २०१६-१७ मध्ये त्यांनी ऐझॉलला आय-लीग जिंकून दिली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ते भारताचे प्रशिक्षक झाले. मदेरांनंतर या पदावर आलेले ते पहिले भारतीय. जमील यांचे संघ आधी गोल खायचा नाही आणि मग पुढचे बघायचे अशा बेताने खेळतात. माणूस कुठल्या फळीत खेळला यापेक्षा त्याने मैदान कुठून पाहिले हे महत्त्वाचे, असे यावरून कोणी म्हणेल. मला ते मान्य आहे, आणि पुस्तकाचा शेवटचा भाग त्याच प्रश्नावर आहे.

जमील यांची निवड झाली त्याच्या आदल्याच महिन्यात, जुलै २०२५ मध्ये, सुपर लीगचा मोसम करारांच्या घोळामुळे थांबवून ठेवला गेला. खेळाडू, प्रशिक्षक, मैदान सांभाळणारी माणसे, सगळी ताटकळत राहिली. महिंद्र, पुणे एफसी, शिवाजियन्स यांच्या बाबतीत एकेका शहरात घडले ते या वेळी देशभर घडताना दिसले. या पुस्तकातली परेरांची कारकीर्द त्यामुळे जुनी गोष्ट राहिलेली नाही.

पुस्तकात काय नाही, तेही सांगायला हवे. कोल्हापूरचा तालमींचा फुटबॉल इथे नाही. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ यांच्या शाहू स्टेडियमवरच्या लढतींना आणि पेठेतल्या पोरांना शिकवणाऱ्या जुन्या खेळाडूंना एका प्रकरणात बसवणे त्यांच्यावर अन्याय ठरला असता. महिलांच्या फुटबॉललाही मी न्याय देऊ शकलेलो नाही; गोव्याच्या मेमोल रॉकी २०१७ पासून काही वर्षे भारतीय महिला संघाच्या मुख्य प्रशिक्षक होत्या, आणि त्यांच्यावर स्वतंत्र पुस्तक कोणीतरी लिहावे असे मनापासून वाटते. पैशांचे, बदल्यांचे आणि वादांचे किस्से मी गाळले आहेत. सामन्यांचे वर्णन आहे ते बचावाच्या बाजूने. त्यामुळे एखादा गाजलेला गोल इथे ओळखू येणार नाही, कारण त्याआधी कोणाची रेषा का मोडली याकडे जास्त लक्ष दिले आहे.

शब्दांच्या बाबतीत स्टॉपर, बॅक, टॅकल, मार्किंग, ऑफसाइड हे मैदानावर बोलले जातात तसेच ठेवले आहेत. इटालियन नावे उच्चाराच्या जवळ जातील अशी लिहिली आहेत. खेळ अगदी नवा असेल त्या वाचकाने पहिले प्रकरण सोडून पुण्याच्या २०१२-१३ च्या मोसमापासून सुरुवात केली तरी अडचण येणार नाही. तिथे नकाशे आहेत, कोण कुठे उभा होता हे दाखवले आहे, आणि ती शहरे त्याच्या ओळखीची आहेत. इटली त्यानंतर वाचावी.

मेहकर, ता. भालकी, जि. बीदर